खंडूआबांचा काढा आणि गुलाबी पाणी

खंडूआबांशी ओळख करून घ्यायची तर आधी तोंड वाकडं करावं लागे. त्याशिवाय ते कुणाला माणसांत धरतच नसत.

माझं तर इस्पितळाच्या पायरीवरच झालं. साठ सालानंतरची, आता चांगली जुनी झालेली गोष्ट. लोणावळ्याच्या एका लहानशा धर्मादाय इस्पितळात नर्स म्हणून हजर व्हायला मी पुण्याहून पॅसेंजरने आले. श्रावण चालू होता आणि धुकं असं दाट, की फाटकातून आत आले तरी इस्पितळ दिसेना. अंगावरचं पातळ ओलं, ट्रंक ओली, जीव नकोसा झालेला. तेवढ्यात धुक्यातून एक उंच, वाळकुडा माणूस पुढे आला. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला गांधी टोपी, हातात कान तुटलेला कप. "प्या," म्हणाला. मला वाटलं, चला, कुणीतरी चहाचं विचारणारं भेटलं. मी चांगला मोठा घोट घेतला.

आई गं! जीभ टाळ्याला चिकटली, घसा आवळला, डोळे मिटले, नाक वर गेलं, सगळा चेहरा पिळवटून निघाला. आणि हा गृहस्थ वाकून, अगदी वीतभर अंतरावरून, माझ्या तोंडाकडे टक लावून बघतोय! मग एकदम खूश होऊन ओरडला, "हाय! हाय! मानूस हाय!"

"ही कुठली रीत हो?" मी तडकून विचारलं. मी तापट आहे, आणि तेव्हा तर फारच होते.

"हितली," ते शांतपणे म्हणाले. "चला, ट्रंक द्या हिकडं. आता तुमी आमच्यातल्या."

ते खंडूआबा. इस्पितळातले ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे त्यांचं पगाराचं काम. पण त्यांचं खरं राज्य होतं आतल्या खोलीत. आतली खोली म्हणजे ज्यांची काही शाश्वती नाही अशा रोग्यांना ठेवायची जागा. घाटात ट्रक उलटून डोक्याला मार बसलेले ड्रायव्हर, रुळांवर काम करताना सापडलेले गँगमन, धनुर्वाताचे, मुदतीच्या तापात भ्रम झालेले. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं कुठली? ऑक्सिजनचं एक नळकांडं, सलाइनच्या बाटल्या, नाकातून घालायची रबरी नळी, आणि बाकी सगळा देवावर हवाला. त्या खोलीत कायम ओल असायची. चादरी वाळायच्या नाहीत म्हणून शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर त्या शेकायच्या, आणि त्या धुरकट वासात माणसं पडलेली असायची.

बेशुद्ध माणसाचं तोंड उघडं राहतं. जीभ वाळते, दातांवर पापुद्रे धरतात, वास सुटतो, आणि तीच घाण छातीत उतरली की न्यूमोनिया. तोंड धुण्याचं महत्त्व आम्हाला शिकवताना चांगलं बजावलेलं होतं. पण खरं सांगू? ते काम आम्ही सगळ्याच टाळायचो. आबा मात्र मागून घ्यायचे. बोटाला कापड गुंडाळायचं, काढ्यात बुडवायचं आणि खाटेशी बसायचं. "आ करा, पाव्हनं," अशी सुरुवात. समोरच्याला शुद्ध नाही, आ करणार कोण? पण आबांना त्याचं काही नाही. लाकडी पट्टीने हळूच जबडा उघडायचा, दाढांच्या मागेपर्यंत बोट फिरवायचं, आणि तोंडाने बातम्या चालू. वलवणच्या धरणाचं पाणी किती चढलं, कांदा काय भावाने गेला, खंडाळ्याच्या कुठल्या बंगल्यात कोण शेठजी उतरलेत, सगळं. एकदा एक सरदारजी ड्रायव्हर बऱ्याच दिवसांनी शुद्धीवर आला. डोळे उघडल्यावर त्याने पहिला प्रश्न केला तो असा, की माझ्या कानाशी सारखं कांद्याबद्दल कोण बोलत होतं?

पण त्या आधीची गंमत सांगायची राहिली. तो सरदारजी शुद्धीवर यायच्या आदल्या दिवशी आबा त्याचं तोंड धूत होते, आणि त्या काढ्याने त्याचं नाक किंचित मुरडलं. झालं! आबा खोलीतून धावत बाहेर आले. "शिष्टर, हाय! मानूस हाय! तोंड वाकडं केलं त्येनं!" सगळ्या इस्पितळाला त्यांनी ही वार्ता दिली. नाडी बघायची नाही, डोळ्यांत बॅटरी मारायची नाही. तोंड वाकडं झालं म्हणजे माणूस आहे, एवढंच त्यांचं वैद्यक.

काढा कसला, तर हिरडा आणि बाभळीची साल. वर चिमूटभर हळद आणि मीठ. मागच्या पडवीत मातीच्या मडक्यात तो सकाळपासून रटरटत असायचा. डोंगरातून हिरडा उतरवणारी वाडीवरची माणसं आधी आबांना निवडून द्यायची आणि मग बाजारात जायची. मडक्याला लोखंड लागू द्यायचं नाही, हा कडक कायदा. पळीसुद्धा लाकडाची. आमची आया सगुणाबाई मडक्याजवळून जाताना हातातल्या बांगड्या बघून घ्यायची, की यातली एखादी लोखंडाची तर नाही ना!

माणसाची पारख ते दातांवरून करत. "त्या पोस्टमास्तराचं कौतुक मला नगा सांगू, त्येच्या दाढा बगा आदी." लोणावळ्यात राहून चिक्कीवर दात धरणारा मी पाहिलेला एवढा एकच माणूस. मुंबईची मंडळी स्टेशनवर चिक्कीची पुडकी घेताना दिसली की आबा थांबून त्यांना सांगायचे, "घरी जाऊन चूळ भरा बरं का." माणसं बिचारी बावरून जायची.

आणि घर? त्याबद्दल अक्षर नाही. संध्याकाळ झाली की काढ्याची एक बाटली फडक्यात गुंडाळून काखेत धरायची आणि चालत वलवणचा रस्ता धरायचा. पाऊस असो, वारा असो, वेळ चुकायची नाही. कोणी थांबवलं तर अंगाचा तिळपापड व्हायचा. "सडाफटिंग असणार मेला," सगुणाबाई म्हणायची. "ह्येला कोन बायको देनार? पयल्या दिशीच काढा पाजला आसंल." आम्ही हसायचो. बाटली ते स्वतःच पीत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर नवे डॉक्टर आले. डॉक्टर कारखानीस. मुंबईत शिकलेले, अंगाने बारीक, आवाजाने मोठे. माणूस वाईट नव्हता, फक्त कधी हसायचा नाही. आबांनी रिवाजाप्रमाणे कप पुढे केला. डॉक्टरांनी तो शांतपणे, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "टॅनिन आहे भरपूर," एवढं म्हणून कप परत दिला.

आबांना तो दिवसभर घास गेला नाही. "शिष्टर, ह्यो मानूस न्हाई वो," मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "त्येचं तोंडच हाललं न्हाई."

डॉक्टरांनी येताना पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या खड्यांची बरणी आणली होती. दोन-चार कण पाण्यात टाकले की पाणी सुरेख गुलाबी व्हायचं. आतल्या खोलीत याच पाण्याने तोंडं धुवावीत, असं त्यांचं म्हणणं. आबांच्या डोक्यावर कुणीतरी मिरे वाटावे तशी त्यांची अवस्था झाली. "हे तर पटकी आली की हिरीत टाकत्यात! हिरीचं औषद मानसाच्या तोंडात?" डॉक्टर म्हणाले, विहिरीला चालतं ते तोंडाला का चालू नये? आबा म्हणाले, मग हिरीला जाऊन दात घासा. अशी रोज चकमक. पण डॉक्टरांनी मडक्याला हात लावला नाही, आणि आबांनी बरणीला. असं पुढच्या पावसाळ्यापर्यंत निभलं.

मग ती काळी जीभ झाली.

त्याचं असं झालं, की एक दिवस मडकं तडकलं. आबा बाहेर अपघाताच्या जखमा धुण्यात अडकलेले. सगुणाबाईला वाटलं, एवढा काढा वाया कशाला जाऊ द्यायचा? तिने तो मोठ्या काळजीने मुदपाकखान्यातल्या लोखंडी कढईत ओतून ठेवला. आणि आबांना तेवढाच हातभार म्हणून रेल्वेतल्या एका आजारी मुकादमाचं तोंडही मोठ्या हौसेने स्वतःच धुतलं. लोखंडात पडल्यावर हिरड्याची शाई होते, हे तिला कुठून माहीत? कायदा तिला पाठ होता, कारण माहीत नव्हतं.

डॉक्टर फेरीला आले. मुकादमाला म्हणाले, जीभ दाखवा. त्याने दाखवली. काळीकुट्ट! दात काळे, ओठ काळे. डॉक्टरांचा हात नाडीवर होता तो तसाच राहिला. मुकादमाच्या बायकोने ते पाहून गळा काढला. तिचं ऐकून बाकीच्या रोग्यांची माणसं आत धावली. डॉक्टर पुस्तक आणायला पळाले. या गोंधळात आबा आले, मुकादमाच्या ओठावरून बोट फिरवून चाटलं आणि सगुणाबाईकडे वळून म्हणाले, "लोखंड लागलंय. कुनी केलं ह्ये?"

मुकादमाला त्याने काहीच झालं नव्हतं. दोन दिवस तो सगळ्यांना हौसेने जीभ दाखवत हिंडला. पण डॉक्टर काही ऐकेनात. "आजपासून काढा बंद," म्हणाले.

"मग म्या बी बंद," आबा म्हणाले, आणि जाऊन पायरीवर बसले. उठवलं तर उठेनात. मी समजावायला गेले तर म्हणाले, "शिष्टर, काढा न्हाई तर म्या हितं कशाला? पट्ट्या काय, कुनी बी बांधंल." त्यांचा चेहरा पार उतरला होता. एका काढ्यासाठी माणूस एवढा कासावीस का होतो, ते तेव्हा कळलं नाही.

शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. म्हणाले, भांडण नको, पारख करू. पावसाळा संपेपर्यंत आतल्या खोलीत दोन्ही चालू द्या आणि कुणाची तोंडं स्वच्छ राहतात ते बघू. आबांनी लगेच नवं मडकं आणून चढवलं आणि नियम घातले, आणि डॉक्टरांपेक्षा कडक घातले. खिडकीकडच्या खाटांना काढा, भिंतीकडच्या खाटांना गुलाबी पाणी. धुणारा हात एकच, आबांचा. रोज सकाळी तोंडं तपासणार मी. "आन् मदी कुनी बदलायचं न्हाई," आबा बोट नाचवत म्हणाले. "जो बदलंल त्यो हरला. म्या हरलो तर काढा कायमचा बंद. शब्द हाय माजा."

आता मला वाटलं होतं, की भिंतीकडच्या रोग्यांकडे आबा जरा कानाडोळा करतील. छे! उलट त्यांची तोंडं ते जास्तच घासूनपुसून धुवायचे, म्हणजे उद्या कुणी नाव ठेवायला नको. फक्त धुताना त्या बेशुद्ध माणसाची क्षमा मागायचे. "भितीला खाट मिळाली तुमाला, काय करनार पाव्हनं? गोड मानून घ्या." मी रोज बॅटरी घेऊन तोंडं बघायची. खिडकीकडची स्वच्छ, भिंतीकडचीही स्वच्छ. डॉक्टर म्हणायचे, काय सिस्टर? मी म्हणायची, सारखंच. आबा म्हणायचे, नीट बगा. त्या खोलीतल्या रोग्यांची एवढी बडदास्त पूर्वी कधी राहिली नव्हती आणि नंतरही राहिली नाही.

भाद्रपद निम्मा गेला असेल. एका सकाळी आबा वेळेवर आले नाहीत. असं कधी झालेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने फाटकाशी बैलगाडी थांबली. आबांनी गाडीतून एका बाईला दोन्ही हातांवर उचलून आणलं. बाई अगदी हलकी, कापसासारखी. केस पांढरे, पण निगुतीने विंचरलेले. अंगात ताप, श्वास घरघरणारा. डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते.

"कोण ह्या, आबा?" मी विचारलं.

"माजी मंडळी," आबा म्हणाले. "ठकी."

सगुणाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. हळूहळू कळलं ते एवढं, की पुष्कळ वर्षांपूर्वी ठकूबाईच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय गेले, वाचा गेली, आणि माणसं ओळखते की नाही तेही समजेनासं झालं. दिवसा शेजारची म्हातारी लक्ष ठेवायची, बाकी सगळं आबा. हा माणूस इतकी वर्षं संध्याकाळी कुठे पळायचा, ते आम्हाला त्या दिवशी समजलं. मला माझ्या हसण्याचं फार वाईट वाटलं.

आतल्या खोलीत एकच खाट रिकामी होती. भिंतीकडची.

डॉक्टरांच्या ते लगेच लक्षात आलं. आणि हे त्यांचं मोठेपण, की ते स्वतःहून म्हणाले, "आबा, ह्यांना आपल्या पारखीत धरायचं नाही. तुम्ही खुशाल तुमचा काढा द्या."

आबांनी खाटेकडे बघितलं, मग मडक्याच्या दिशेने बघितलं. "नगं," म्हणाले. "उद्या मानसं म्हनतील, घरचं मानूस आलं आन् खंडूनं नेम मोडला. चार-आठ दिसांचा तर सवाल हाय. घरी गेल्यावर हाईच की काढा."

डॉक्टर म्हणाले, बरं. मीही म्हटलं, बरं. तोंड स्वच्छ राहिल्याशी कारण, असं आम्हाला वाटलं. त्या काढ्यात आबांचं काय अडकलंय, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि न सांगता आम्हाला तरी कसं कळावं?

ते तिचं तोंड गुलाबी पाण्याने धुवू लागले. इतक्या हळुवार हाताने तोंड धुतलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्यांची बडबड बंद झाली. परक्या ड्रायव्हरांना कांद्याचे भाव ऐकवणारे आबा बायकोच्या उशाशी बसले की मुके. नुसते वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. बोळा ओठांवरून फिरवायचा, थांबायचं, बघायचं. पुन्हा फिरवायचा, थांबायचं, बघायचं. मी रोज बॅटरी घेऊन तपासायची. तोंड आरशासारखं. मी म्हणायची, "आबा, छान आहे हो." ते मान हलवायचे.

एकदा मला म्हणाले, "शिष्टर, ह्ये गुलाबी पानी कसं लागतं वो?"

"कसं म्हणजे? कसंच लागत नाही. पाण्यासारखं."

"त्येच की," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर धुक्याशिवाय बघायला काही नव्हतं.

ठकूबाईचा ताप उतरेना. छाती भरत गेली. एका सकाळच्या फेरीला डॉक्टरांनी तिच्या पाठीला तपासायची नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ते पाहिलं. ते बाहेर गेले. आले ते हातात काढ्याची वाटी घेऊन. निम्मा काढा वाटेतच सांडला होता.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "म्या हरलो. समद्यांच्या म्होरं सांगतो. काढा बंद, कायमचा बंद. पन आता हिला देतो."

"अहो आबा, हरण्याजिंकण्याचं काय घेऊन बसलात? द्या ना. पण तोंड तर स्वच्छच आहे त्यांचं."

"तोंडासाटी न्हाई वो."

त्यांनी बोळा बुडवला, तिच्या ओठांना लावला, जिभेवर टेकवला. आणि वीतभर अंतरावर वाकले. अगदी तसेच, जसे पहिल्या दिवशी पायरीवर माझ्यापुढे वाकले होते.

"ठके," म्हणाले, "तुरट हाय बग. कर की तोंड वाकडं."

ती हलली नाही. आबांनी पुन्हा बोळा बुडवला. "ठके, काढा हाय. गुलाबी पानी न्हाई ह्ये. चुकलं माजं. कर की. एकदाच कर." खिडकीकडच्या रोग्यांची माणसं उठून उभी राहिली होती. आबा कितीतरी वेळ तसेच वाकलेले. मग तसेच, मान वर न करता, बोलू लागले. कुणाशी ते कळलं नाही.

"बोलत न्हाई, हात हालत न्हाई, मला वळखती का न्हाई ठावं न्हाई. पन रोज सांच्याला ह्यो काढा लावला का तोंड वाकडं करायची. म्या म्हनायचो, हाय. माजी ठकी हाय आत. मंग मला जेवान जायाचं." जरा थांबून म्हणाले, "हिनंच दिलता मला पयला. लगीन ठरलं तवा माजी दाढ सुजलती. डोंगरावर हिच्या वाडीला गेलतो. म्या तोंड वाकडं केलं तर ही लय हसली."

दुपारी ठकूबाई गेली. तोंड वाकडं न करता गेली. डॉक्टर कारखानीस माझ्या शेजारी उभे होते. तो न हलणारा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पिळवटलेला मी पाहिला. ते चष्मा काढून घाईने बाहेर गेले. आबांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

दिवसकार्य उरकून आबा कामावर आले. डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं, की पारख बरोबरीत सुटली आहे, काढा आणि पाणी दोन्ही सारखीच उतरली, तेव्हा काढा चालू ठेवा. आबा म्हणाले, "हरलो म्हनलं न्हवं? शब्द तो शब्द." आणि दाराशी जाऊन वळून म्हणाले, "तुमचं पानी चांगलं हाय. तोंड साफ ऱ्हातं." एका वर्षापूर्वी त्यांची मान कापली असती तरी हे वाक्य निघालं नसतं. डॉक्टरांना ते ऐकवेना.

मग आतल्या खोलीत नुसतं गुलाबी पाणी. तोंडं स्वच्छ, आबांचा हात तोच, नेमाने, कामात खोट नाही. फक्त 'आ करा, पाव्हनं' गेलं. कांद्याचे भाव गेले. नव्या माणसाला कप मिळेना. मडकं पडवीत पालथं पडलेलं. संध्याकाळी निघायची घाई उरली नाही, म्हणून ते उगाच पट्ट्यांच्या गुंडाळ्या उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. मला ते बघवेना. मी सांगितलंच, मी तापट आहे. एक दिवस मी चिडले. कुणावर चिडले, ते माझं मलाच ठाऊक नाही. सगुणाबाईला म्हटलं, आण हिरडा. मडकं धुतलं, साल टाकली, लाकडी पळीने ढवळला आणि केला काढा. तोच कान तुटलेला कप शोधून भरला आणि आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"आबा, इकडे बघा."

त्यांनी वर पाहिलं. मी मोठा घोट घेतला. माझा काढा त्यांच्यापेक्षा उग्र झाला होता, त्यामुळे निम्मं तोंड आपोआपच वाकडं झालं. उरलेलं निम्मं मी मुद्दाम केलं. डोळे मिटले, नाक चढवलं, जीभ बाहेर काढली. इतकं वेडंविद्रं तोंड मी जन्मात केलं नसेल. मागे सगुणाबाई फिसकन हसली.

डोळे उघडले तर आबा हातातली पट्टी खाली ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. आता 'हाय, मानूस हाय' म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले.

"लय केलंत, शिष्टर," ते म्हणाले. "एवडं न्हाई करायची ती."

आणि त्यांनी करंगळी स्वतःच्या ओठाच्या कडेला टेकवली.

"एवडंसं. हितं."

ते बोट बराच वेळ त्यांनी तिथून काढलं नाही.